पुस्तक कुठे आहे? बरोक चित्रांतल्या प्राचीन विदुषींकडे कसं बघावं

2024च्या नोव्हेंबरपासून 2025च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं जाहीर दर्शन होतं. दर दहा वर्षांनी येणाऱ्या या सोहळ्यात ते अवशेष बॉम जेझसच्या बॅसिलिकातून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात. दर्शनाच्या रांगेत माझ्या पुढे घाटावरचं एक कुटुंब होतं. त्यातल्या सातवी-आठवीतल्या मुलीने मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींकडे बोट दाखवून विचारलं, “आई, ही कुणाची गोष्ट आहे?”

आईने वर पाहिलं. “मेरीमातेची असेल गं. चल पुढे.”

रांग सरकली आणि उत्तर द्यायचं माझ्या ओठांवरच राहिलं. ती गोष्ट मेरीची नाही. ती आहे अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनची. वादविवादात पन्नास तत्त्वज्ञांना हरवणारी विदुषी म्हणून जिला ख्रिस्ती जग ओळखतं, ती ही. जिथे एवढी माणसं रांग लावतात ते से कॅथेड्रल मुळात तिच्या नावाचं आहे. त्या मुलीला देता न आलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे. कारण कॅथरीनला ओळखता आलं, की युरोपातल्या 17व्या शतकातल्या कितीतरी चित्रांचं कुलूप उघडतं.

आधी गोष्ट

चौथ्या शतकाची सुरुवात. इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया शहर तेव्हा रोमन साम्राज्यात होतं. राजघराण्यातली अठरा वर्षांची कॅथरीन ख्रिस्ती झालेली. सम्राट मॅक्सेंशियस ख्रिस्त्यांचा छळ करतो म्हणून ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहते आणि त्याचं कसं चुकतं ते तर्काने दाखवते. सम्राटाला उत्तर सुचत नाही. तो राज्यातले पन्नास पंडित बोलावतो. आपल्याकडे जनकाच्या सभेत गार्गीने याज्ञवल्क्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले, तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. फरक असा, की गार्गीला शेवटी ‘आता पुरे, नाहीतर डोकं गळून पडेल’ असं बजावलं गेलं. कॅथरीनच्या गोष्टीत गप्प बसायची पाळी पंडितांवर येते. पन्नासच्या पन्नास जणांना तिचं म्हणणं पटतं, आणि सम्राट त्या सगळ्यांना जाळून मारतो.

मग तिची पाळी. खिळे ठोकलेल्या चाकावर तिची हाडं मोडायचं ठरतं, पण तिला त्यावर बांधताच चाकच फुटतं. अखेर तलवारीने तिचा शिरच्छेद होतो.

गोव्याशी तिचं नातं तारखेचं आहे. अफोन्सो दे आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो दिवस 25 नोव्हेंबर 1510, म्हणजे कॅथरीनचा सण. त्या विजयात शहरातल्या मुसलमानांची मोठी कत्तल झाली, आणि त्याच विजयाच्या आठवणीसाठी तिच्या नावाने चॅपल उभं राहिलं. ज्ञानासाठी जीव दिलेल्या बाईचं नाव अशा दिवसाला चिकटावं याचं वाईट वाटतं, पण घडलं ते असं. पुढे 1562 साली कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं. मुख्य इमारत 1619 पर्यंत झाली आणि वेद्या पुऱ्या व्हायला 1652 साल उजाडलं. युरोपात बरोक चित्रकला ऐन भरात होती तो हाच काळ.

बरोक म्हणजे काय

पोर्तुगीज भाषेत ‘बारोको’ म्हणजे बेढब, ओबडधोबड मोती. पुढच्या पिढ्यांनी हा शब्द साधारण 1600 ते 1750 या काळातल्या कलेला नाव ठेवण्यासाठी वापरला आणि तोच तिचं नाव होऊन बसला.

बरोक समजून घ्यायला आपल्याकडचा कीर्तनकार आठवावा. आख्यान सगळ्यांना पाठ असतं. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे समोरच्या आजीला ठाऊक असतं. तरी बुवा नेमके सगळ्यात ताणाच्या क्षणाशी थांबतात, आवाज खाली आणतात, आणि आजीच्या डोळ्यांत पाणी येतं. बरोक चित्रकाराने हेच रंगांत केलं. मागे काळोख, एका बाजूने येणारा झगझगीत उजेड, माणसं हात लावता येईल इतकी जवळ, आणि गोष्टीतला ऐन क्षण. त्याला पाठबळ चर्चचं होतं. प्रॉटेस्टंट पंथ वेगळे झाल्यावर कॅथलिक चर्चने 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेत चित्रांविषयी ठराव केला. सामान्य माणसाला श्रद्धेची शिकवण मिळावी, त्याचं मन हलावं, हे चित्रांचं काम ठरलं.

अशा कलेला विदुषी अडचणीची वाटायला हवी होती. विचार करणारी बाई रंगवायची कशी? लढाई दाखवता येते, रडणं दाखवता येतं. विचार डोक्याच्या आत चालतो.

खूण ओळखा, म्हणजे बाई ओळखता येते

आपण मूर्ती ओळखतो ती आयुधांवरून. शंख, चक्र, गदा, पद्म दिसलं की विष्णू आणि वीणा दिसली की सरस्वती. युरोपातल्या धार्मिक चित्रांत हाच नियम चालतो. कॅथरीनच्या खुणा म्हणजे मोडकं चाक, तलवार, हौतात्म्याची ताडाची फांदी, राजकन्या म्हणून मुकुट आणि कधीकधी पुस्तक.

हे ‘कधीकधी’ मला बरेच दिवस टोचत होतं. जिची सगळी कीर्ती विद्वत्तेची, तिच्या चित्रात पुस्तक गाळलं तरी चालतं आणि चाक मात्र लागतंच?

कारावाज्जो या इटालियन चित्रकाराची कॅथरीन पाहा. 1598-99च्या सुमाराचं हे चित्र आज माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे. कार्डिनल (म्हणजे कॅथलिक चर्चमधला वरिष्ठ धर्मगुरू) देल मोंते या विद्याप्रेमी आश्रयदात्यासाठी ते काढलेलं. मॉडेल म्हणून बसली होती फिलिदे मेलान्द्रोनी, रोममधली नावाजलेली गणिका. चित्रात ती उंची वस्त्रं नेसून उशीवर टेकली आहे, चाकाला रेलली आहे, बोटं तलवारीवर आहेत आणि नजर थेट आपल्याकडे. पुस्तक नाही.

एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. पुस्तक अनेकांच्या हातात असतं. संत जेरोमकडे असतं, अविलाच्या तेरेसाकडे असतं, मेरीला वाचायला शिकवणाऱ्या तिच्या आईकडेही असतं. नुसतं पुस्तक दिसलं तर देवळात लांब उभ्या माणसाला बाई कोण ते कळायचं नाही. चाक मात्र कॅथरीनचं एकटीचं.

दुसरं कारण मला उशिरा उमगलं. चाक बहुतेक वेळा मोडलेलं असतं. म्हणजे ते हरलेलं शस्त्र आहे. महिषासुरमर्दिनीच्या पायाशी रेडा असतो तो ती कुणावर मात करून उभी आहे हे सांगायला. कॅथरीनचं चाक तसंच आहे. हे कळल्यावर कारावाज्जोच्या चित्रातली तिची बसण्याची ढब वेगळी दिसायला लागते. स्वतःच्या छळाच्या हत्याराला ती खुशाल पाठ टेकून बसली आहे.

तरीही माझी तक्रार पूर्ण संपत नाही. तिचा जय दाखवायलाही आधी छळ दाखवावा लागतो. पन्नास पंडितांसमोर बोलत असलेली कॅथरीनही चित्रकारांनी रंगवली, पण तिची जी प्रतिमा घरोघरी, चर्चोचर्ची गेली ती चाकाशेजारची. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या 20व्या शतकातल्या राजचिन्हातसुद्धा तिचं चाकच होतं.

फेटा बांधलेल्या भविष्यवेत्त्या

त्या काळातल्या दुसऱ्या लाडक्या विदुषी म्हणजे सिबिल. सिबिल म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन जगातल्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया. त्या दहा होत्या अशी रोमन पंडित व्हॅरोची यादी आहे आणि प्रत्येकीच्या नावाला गाव किंवा देश जोडलेला आहे: कुमेची, सामोसची, पर्शियाची.

कुमेच्या सिबिलची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती रोमचा राजा तार्क्विनकडे नऊ ग्रंथ विकायला गेली. किंमत ऐकून राजा हसला. तिने तिथेच तीन ग्रंथ जाळले आणि उरलेल्या सहांची किंमत सांगितली, तेवढीच. राजा पुन्हा नाही म्हणाला. तिने आणखी तीन जाळले आणि राहिलेल्या तिघांची किंमत सांगितली, पुन्हा तेवढीच. आता राजा घाबरला आणि नऊच्या भावात तीन ग्रंथ घेतले. एरवी गिऱ्हाईक नको म्हणालं की भाव उतरतो. आपल्याकडच्या ज्ञानाची किंमत आपण ठरवायची आणि त्यात पैही सोडायची नाही, हे या बाईला पक्कं ठाऊक होतं. ते ग्रंथ रोमने शतकानुशतकं जपले. इ.स.पू. 83 मध्ये कॅपिटोलवरच्या ज्युपिटरच्या देवळाला आग लागली तेव्हा ते जळाले.

सिबिल ख्रिस्ती नव्हत्या. मग चर्चला त्या कशा चालल्या? आपल्या भाकितांत त्यांनी ख्रिस्ताच्या जन्माची चाहूल दिली होती, असा अर्थ ख्रिस्ती पंडितांनी लावला. त्यामुळे त्या संदेष्ट्यांच्या पंक्तीला बसल्या. मायकेलँजेलोने सिस्टीन चॅपलच्या छतावर पाच सिबिल रंगवल्या त्या याच नात्याने.

17व्या शतकात त्या छतावरून उतरून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आल्या. दोमेनिकिनोने 1616-17 मध्ये कार्डिनल शिपिओने बोर्गेझेसाठी कुमेची सिबिल काढली. डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र, नजर वर लागलेली, हाताशी संगीताचा कागद आणि मागे तंतुवाद्य. ग्वेर्चिनोची पर्शियन सिबिल 1647ची, रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. गाल हातावर टेकलेला, दुसऱ्या हातात लेखणी, आणि ती लिहिताना मध्येच थांबलेली. पुढचं वाक्य सुचायच्या आधी लिहिणारा माणूस जसा क्षणभर कुठेच बघत नसतो, तशी तिची नजर आहे. विचार रंगवायचा कसा, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर ही थांबलेली लेखणी आहे.

या चित्रांचा बाजारही समजून घ्यायला हवा. ग्वेर्चिनो आकृतीमागे पैसे घ्यायचा: पूर्ण माणसाचा दर एक, कमरेपर्यंतच्या माणसाचा त्याहून कमी. 1649 मध्ये सिसिलीच्या अंतोनिओ रुफ्फो या संग्राहकाला त्याने स्वच्छ कळवलं, की माझा दर माणशी 125 दुकात (तेव्हाची नाणी) आहे आणि आपण 80 देता, तेव्हा अर्ध्याहून थोडा जास्त माणूस मिळेल. कमरेपर्यंतची सिबिल हा अशा हिशेबात चपखल बसणारा विषय होता: माणूस एक, फेटा भरजरी, पुस्तकं जुनी आणि घरमालकाच्या व्यासंगाची जाहिरात. चेझेनाच्या ज्युसेप्पे लोकातेल्लीसाठी ग्वेर्चिनोने 1651 मध्ये कुमेची सिबिल काढली. ती मातिआस दे मेदिची या राजपुत्राला आवडली, म्हणून त्याला गेली. मग लोकातेल्लीसाठी सामोसची सिबिल काढून दिली. एक गेली, तिच्या जागी दुसरी आली.

फेट्याची खूण किती कामाची आहे याचा एक दाखला. रोमच्या पलाझ्झो बार्बेरिनीत मोठ्या डोळ्यांच्या, पांढरा फेटा बांधलेल्या मुलीचं चित्र आहे. ही बेआत्रिचे चेंची, बापाच्या खुनासाठी 1599 साली शिरच्छेद झालेली तरुणी, आणि चित्रकार ग्वीदो रेनी, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. तिच्यापुढे प्रवासी डोळे पुसत उभे राहायचे. आज काही अभ्यासकांचं मत आहे की ती सिबिल आहे आणि काढणारी इटलीतल्या बोलोन्या शहराची चित्रकर्ती जिनेव्हरा कांतोफोली असावी. फेटा हा त्यातला एक मोठा धागा. हे मत खरं ठरलं तर एका बाईने काढलेल्या ज्ञानी बाईला लोक इतकी वर्षं एका पुरुषाने काढलेली दुर्दैवी मुलगी समजत होते.

स्त्रियांच्या हाती कुंचला आला तेव्हा

बोलोन्यातलीच एलिझाबेत्ता सिरानी 1638 साली जन्मली आणि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेली. तेवढ्यात तिने दोनशेच्या आसपास चित्रं काढली, मुलींना शिकवलं. बाई इतक्या झपाट्याने चित्र काढू शकते यावर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा ती बघ्यांसमोर बसून काढून दाखवायची. 1664 मध्ये तिने पोर्शिया रंगवली. पोर्शिया म्हणजे तत्त्वनिष्ठ रोमन नेता कॅटोची मुलगी आणि ब्रूटसची बायको. सीझरविरुद्धच्या कटाचं गुपित नवरा सांगेना, तेव्हा वेदना आणि गुपित दोन्ही पोटात ठेवू शकते हे पटवायला तिने स्वतःच्या मांडीत सुरी खुपसली. चित्रात मागच्या खोलीत बायका हातकामात रमल्या आहेत. पुढे पोर्शिया एकटी, हातात सुरी. राजकारणाची खोली आणि बायकांची खोली यांच्यामधल्या उंबऱ्यावर सिरानीने तिला आणून ठेवलं आहे.

आणि आता आर्तेमिसिया जेंतिलेस्की.

1593 साली रोममध्ये जन्मलेली, चित्रकाराची मुलगी, वडिलांच्या कार्यशाळेत शिकलेली. 1611 मध्ये वडिलांच्या सोबत काम करणाऱ्या आगोस्तिनो तास्सीने तिच्यावर बलात्कार केला. 1612 मध्ये खटला चालला आणि त्याची कागदपत्रं आजही रोममध्ये जपलेली आहेत. त्यात तिचं एक साधं विधान आहे: मला लिहिता येत नाही आणि वाचता थोडंच येतं.

खटल्यात छळ तिचा झाला, अत्याचार सोसलेल्या मुलीचा. साक्ष खरी आहे का ते तपासायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या गुंडाळून आवळल्या. तास्सी समोर होता. ती म्हणत राहिली, “खरं आहे, खरं आहे.” आणि त्याला म्हणाली, “हीच का ती अंगठी, जी तू मला देणार होतास? हीच का तुझी वचनं?” बोटं आवळणाऱ्या त्या दोऱ्यांना तिथे ‘सिबिले’ म्हणत. म्हणजे सिबिलच. ज्या नावाची चित्रं कार्डिनलांच्या भिंतीवर होती, त्याच नावाच्या दोऱ्या एका चित्रकर्तीच्या बोटांवर होत्या.

तास्सी दोषी ठरला, शिक्षा मात्र नीट अमलात आली नाही. आर्तेमिसियाचं लग्न लावून दिलं गेलं आणि ती फ्लॉरेन्सला गेली. तिथे ती लिहायला शिकली, 1616 मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री झाली, गॅलिलिओसारख्या माणसाशी तिची ओळख झाली. आणि 1615 ते 1617च्या दरम्यान तिने स्वतःला कॅथरीन म्हणून रंगवलं.

चित्र लहानसं आहे, जेमतेम 71 सेंटिमीटर लांब-रुंद. लंडनच्या नॅशनल गॅलरीने 2018 मध्ये ते 36 लाख पौंडांना घेतलं. डोक्याला फेट्यासारखं वस्त्र, त्यावर मुकुट, मागे तेजोवलयाची बारीक रेघ. उजव्या हाताच्या चिमटीत ताडाची फांदी छातीशी धरलेली. डावा हात मोडक्या चाकावर, लोखंडी खिळ्यांच्या अगदी शेजारी. त्या हाताकडे थोडा वेळ बघा. बोटं सैल आहेत. दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवावा, तितका सहज तो ठेवलेला आहे. पुस्तक याही चित्रात नाही.

स्वतःच्या विद्वत्तेचं चित्र काढण्याची मुभा त्या काळच्या बाईला सहज नव्हती. तो गर्व ठरला असता. पण मी कॅथरीन काढते आहे, असं म्हटलं की कोण अडवणार? ती तर संत. प्राचीन विदुषीचं नाव हा परवाना होता. त्या नावाच्या आडून एक जिवंत बाई आपला चेहरा, आपली बुद्धी, आपलं म्हणणं भिंतीवर टांगू शकत होती.

पण कॅथरीन होऊन गेलीच नसेल तर?

बहुधा नसावीच. तिच्या काळातला एकही पुरावा नाही आणि तिची कथा काही शतकांनंतर दिसू लागते. या कारणामुळे चर्चने 1969 मध्ये तिचा सण सर्वसाधारण पंचांगातून काढला. 2002 मध्ये तो पुन्हा आला, ऐच्छिक म्हणून. पण आपला प्रश्न चौथ्या शतकात काय घडलं हा नाही. 17व्या शतकातल्या माणसांना पंडितांना हरवणारी बाई कशी दिसली, हा आहे. त्यासाठी चित्रं पुरेसा पुरावा आहेत. तत्त्वज्ञांची आणि विद्यार्थ्यांची रक्षणकर्ती म्हणून युरोपने एका तरुण मुलीला मानलं, ही गोष्ट तरी कुणी रचलेली नाही.

मग खरीखुरी हायपेशिया कुठे आहे?

हा प्रश्न हमखास येतो आणि रास्त आहे. हायपेशियाही अलेक्झांड्रियाचीच, गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारी, इतिहासात पक्की नोंद असलेली. इ.स. 415 मध्ये ख्रिस्ती जमावाने तिला ठार केलं. बरोक चित्रांत ती सापडत नाही म्हटलं तरी चालेल, आणि याचं आश्चर्य वाटायला नको. चित्रांचा मोठा आश्रयदाता चर्च. त्याच्या गोष्टीत ख्रिस्ती बाईला मूर्तिपूजक सम्राट मारतो ही कथा बसते. मूर्तिपूजक बाईला ख्रिस्ती जमाव मारतो ही बसत नाही. कॅथरीनची कथा हायपेशियाच्या आयुष्यावरूनच बेतली असावी असं काहींना वाटतं. सिद्ध झालेलं नाही.

मोबाइलवर हायपेशिया म्हणून फिरणारे चेहरे बहुतेक 19व्या शतकातले किंवा त्यानंतरचे आहेत. राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’मधली पांढऱ्या वस्त्रातली आकृती म्हणजे हायपेशिया, हेही ठामपणे सांगता येत नाही. पुढे पाठवण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं.

पुरुषांनी, पुरुषांसाठी काढलेली चित्रं. यात स्त्रीचा मान कुठे आला?

बऱ्याच चित्रांत नाहीच आला. खांदा उघडा, नजर वर, पुस्तक शोभेपुरतं, अशा सिबिल ढिगाने आहेत. सिबिलच्या नावाखाली एक सुंदर चेहरा भिंतीवर हवा, एवढीच कित्येक गिऱ्हाइकांची मागणी होती. कारावाज्जोच्या चित्रातली फिलिदे तरी कुठे स्वतःच्या नावाने आली?

म्हणूनच समोर आलेल्या प्रत्येक चित्रात मी एक गोष्ट शोधते: पुस्तक कुठे आहे आणि ते कोण वाचतं आहे? ते बंद आहे का? लहानग्या देवदूताच्या हातात आहे का? की बाईच्या हातात लेखणी आहे आणि ती आपल्याकडे बघायचं विसरून कामात बुडाली आहे? ग्वेर्चिनो पुरुष होता, ठरावीक दराने विकत होता, तरी त्याची पर्शियन सिबिल आपल्याकडे ढुंकून बघत नाही. तिला काम आहे. तेव्हा चित्रकार पुरुष की स्त्री एवढ्यावर निकाल लावू नये.

आर्तेमिसियाचं सगळं त्या खटल्यातूनच का वाचायचं?

हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. खटल्यानंतर ती चाळीसएक वर्षं जगली आणि फ्लॉरेन्स, रोम, व्हेनिस, नेपल्स, लंडन इथे काम करत राहिली. कॅथरीनचंच बघा. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातही तिची एक कॅथरीन आहे, आणि क्ष-किरण तपासणीत त्या चित्राखाली लंडनच्या चित्रासारखीच आकृती सापडली. अमेरिकेत हार्टफर्डला असलेल्या, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या तिच्या आत्मचित्रातही चेहरा आणि मांडणी तशीच. म्हणजे एकच रेखाटन ती पुन्हा वापरत होती. स्वतःचा चेहरा हे बिनपैशाचं मॉडेल, आणि फ्लॉरेन्समध्ये तिच्या चेहऱ्याला मागणी होती. यात तिचा धंद्याचा हिशेब आहे आणि तोही बुद्धीचाच भाग.

उतारवयात तिची गिऱ्हाइकी ज्याच्याशी होती तो हाच अंतोनिओ रुफ्फो, ग्वेर्चिनोशी घासाघीस करणारा. 1649च्या पत्रांत ती त्याला सांगते, की बाईचं नाव ऐकलं की काम बघेपर्यंत लोकांना शंका येते. सांगते, की माझा दर आकृतीमागे 100 स्कुदी (हीही तेव्हाची नाणी) आहे. आणि लिहिते, “स्त्री काय करू शकते हे मी आपल्याला दाखवीन.”

2019 मध्ये नॅशनल गॅलरीने तिची कॅथरीन संग्रहालयाबाहेर पाठवली: ग्लासगोतलं स्त्रियांचं ग्रंथालय, यॉर्कशरमधलं एक आरोग्यकेंद्र, न्यूकॅसलमधली मुलींची शाळा, सरेमधला स्त्रियांचा तुरुंग.

आणि पुस्तक?

ते आर्तेमिसियाच्या चित्रात आलं, खटल्यानंतर वीस वर्षांनी. 1632 मध्ये नेपल्सला तिने क्लिओ रंगवली. क्लिओ ही ग्रीकांची इतिहासाची देवता, कुणाचं नाव मागे राहणार ते लिहून ठेवणारी. भरदार बांध्याची बाई ताठ उभी आहे. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, हाताशी कीर्तीची तुतारी. पुढ्यात एक जाड ग्रंथ उघडा आहे आणि त्याच्या पानावर मजकूर आहे. बराचसा पुसट झालाय, पण दोन गोष्टी वाचता येतात. एक साल, 1632. आणि ज्या मुलीने न्यायाधीशांना सांगितलं होतं की मला लिहिता येत नाही, तिचं नाव. आर्तेमिसिया.